धूर सोडल्याचा दाखला

मित्रांनो, भोवतालच्या हवेतून प्राणवायू वेगळा काढायचा आणि तो आजारी माणसाच्या नाकापर्यंत पोहोचवायचा, एवढे एकच काम मला येते. मी त्यासाठी बनवलेले एक जुने यंत्र आहे. पलंगाशेजारी ठेवतात त्या लहान कपाटाएवढा माझा आकार. खाली चार चाके आणि समोर पाण्याची एक बाटली. माझ्या पोटात एक प्रकारची बारीक खडी भरलेली असते. ती हवेतला नायट्रोजन धरून ठेवते आणि प्राणवायूला पुढे जाऊ देते. हा प्राणवायू पाण्यातून बुडबुडत वर येतो आणि एका मऊ नळीतून रुग्णाकडे जातो.

माझा जन्म १९९३ साली युरोपातल्या एका थंड देशात झाला. माझे पहिले घर एका निवृत्त ट्रामचालक आजोबांचे होते. आयुष्यभर सिगारेट ओढून त्यांची फुप्फुसे कायमची अशक्त झाली होती. त्या भागातल्या डॉक्टरांनी काही वर्षांपूर्वी अशा पुष्कळ रुग्णांकडे नीट लक्ष ठेवून पाहिले होते. ज्यांच्या रक्तात प्राणवायू फार कमी होता, त्यांना घरी दिवसाचा बराचसा वेळ तो मिळाला, तर ते जास्त जगत होते. हा पुरावा हाती आल्यावर तिथल्या विमा संस्थेने माझ्यासारख्या यंत्रांचा खर्च द्यायला सुरुवात केली. मात्र तिची एक अट होती. रुग्णाने सिगारेट सोडलेली असली पाहिजे. त्या धुराने फुप्फुसे आणखी बिघडतात, शिवाय प्राणवायूजवळ ठिणगी आली तर आग भडकते. आजोबांनी सिगारेट सोडली, म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. ते नाकाला नळी लावून खिडकीशी बसत आणि खालून जाणाऱ्या ट्रामकडे बघत.

ते गेल्यावर मला धुऊन-पुसून गोदामात ठेवले. तोवर नवी, हलकी यंत्रे आली होती. पुढे एका धर्मादाय संस्थेने मला जहाजावर चढवले आणि १९९९ साली मी कोल्हापूरला, शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात उतरलो.

तिथल्या डॉक्टर यज्ञेश्वरांनी माझे खोके स्वतः उघडले. छातीच्या आजारांवर उपचार करणारे ते शांत स्वभावाचे गृहस्थ होते. मला बघून त्यांना फार आनंद झाला. पण माझ्या वायरीचे टोक इथल्या भिंतीतल्या भोकांत काही जाईना. मग वायरमन बोलावला. त्याने ते टोक कापून इथले बसवले आणि मी सुरू झालो.

सुरू झालो खरा, पण कामाला लागलो नाही. जिल्ह्यात तेव्हा एक सहकारी आरोग्य योजना होती. शिक्षक, दूध उत्पादक, छोटे दुकानदार असे सभासद तिची वर्गणी भरत आणि कोणाच्या घरी आजारपण आले की योजना दवाखान्याचा खर्च देई. मात्र रुग्ण दवाखान्यातल्या खाटेवर असला पाहिजे. घरी गेला की योजनेचा हात सुटला. दवाखान्यात तर प्राणवायूचे मोठे सिलिंडर होतेच. मला घरी न्यायचे म्हणजे वीज, दुरुस्ती, नळ्या, सगळे आपल्याच खिशातून. तेव्हा मला कोणी नेले नाही. माझ्यावर एक चादर पडली आणि लोक तिच्यावर पिशव्या ठेवू लागले.

२००३ सालच्या हिवाळ्यात सोनूबाई कांबळे दवाखान्यात आल्या. गडहिंग्लजजवळच्या एका गावात त्या राहत. त्यांचे पती धोंडीराम गुऱ्हाळावर चुलवाणात, म्हणजे गुळाच्या काहिलीखालच्या मोठ्या चुलीत, जाळ घालायचे काम करीत, आणि सोनूबाई उसाची वाळलेली चिपाडे चुलवाणाच्या तोंडाशी आणून टाकीत. हंगाम संपला की घरची चूल होतीच. धुरात त्यांचे निम्मे आयुष्य गेले होते. आता त्यांना चार पावलेही चालवत नव्हती. त्यांची लेक संघप्रिया गडहिंग्लजला शिक्षिका होती आणि योजनेची सभासद होती, म्हणून दवाखान्याची सोय झाली.

माझ्या शेजारच्याच खाटेवर त्यांना ठेवले. सिलिंडरचा प्राणवायू लागला की त्यांच्या ओठांची निळसर छटा जाई आणि त्या हळूहळू बोलू लागत. बरे वाटले की डॉक्टर घरी सोडत. थोड्याच आठवड्यांत धोंडीराम त्यांना पाठुंगळी घेऊन पुन्हा दारात उभे. असे किती वेळा तरी झाले. एकदा त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "हितलं नळीतलं वारं चांगलं हाय. पर मी कवर हितं ऱ्हाऊ? ह्ये घरला न्हेता येतंय का?"

डॉक्टरांची नजर माझ्यावरच्या चादरीकडे गेली.

योगायोग असा की, घरी वापरायच्या यंत्रांचा खर्च देण्याचा एक नवा नियम योजनेने त्याच सुमारास केला होता. अवंतिका नावाची एक तरुण अधिकारी तिथे होती. तिने परदेशातले नियम मिळवून मोठ्या कष्टाने त्यांचे मराठी केले होते. ते नियम मला चांगले ओळखीचे होते. माझ्या आजोबांना लागू होते तेच. डॉक्टरांनी सोनूबाईंचा अर्ज पाठवला आणि तो परत आला. धूम्रपान सोडल्याचा दाखला त्याला जोडलेला नव्हता.

सोनूबाईंनी आयुष्यात कधी बिडी ओढली नव्हती. मग त्या ती सोडणार तरी कशी?

डॉक्टरांनी अवंतिकाला निरोप पाठवला, तेव्हा ती आपल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याला घेऊन दवाखान्यात आली. सोनूबाईंच्या खाटेभोवती सगळे उभे राहिले. नियम बदलायचा तर सभा, ठराव, बराच काळ जाणार, असे त्या सहकाऱ्याने समजावून सांगितले. माणूस वाईट नव्हता. तो हळू आवाजात डॉक्टरांना म्हणाला, "दोन ओळी लिहा. बाई बिडी ओढत होत्या, आता सोडली. उद्या यंत्र घरात."

संघप्रियाने आईकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत विनवणी होती, ती मला दिसली. सोनूबाईंनी नाकातली नळी जरा बाजूला केली.

"मी बिडीला कदी हात लावला न्हाय," त्या म्हणाल्या. "आमच्यात ह्येच वढत्यात, आन् मीच त्यास्नी बोलती." मग श्वास येईपर्यंत त्या थांबल्या. "माझं तसं लिवलं, की उद्या दुसरी बाई आली तर तिलाबी बिडी वढाय लावणार का तुमी?"

कोणाला हसू आले नाही. ती माणसे बाहेर गेल्यावर संघप्रिया खाटेच्या कडेला बसून रडली. एका ओळीचा तर प्रश्न होता, असे ती म्हणत होती. सोनूबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि नुसत्या त्यावरून बोटे फिरवत राहिल्या.

पण थोड्या वेळाने अवंतिका एकटीच परत आली. खाटेजवळ येऊन तिने विचारले, "मावशी, बिडी नाही, तर मग तुमच्या छातीत धूर आला कुठून?"

"घरला ये की. दावते," सोनूबाई म्हणाल्या.

आणि अवंतिका खरोखर गेली. पुढे धोंडीराम ही हकीगत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, म्हणून मला ती ठाऊक आहे. सोनूबाई घरी परतल्यावर अवंतिका एसटीने त्यांच्या गावी पोहोचली. शेजारच्या आक्का चुलीवर भाकऱ्या करून देत होत्या. अवंतिका त्यांच्याशेजारी पाटावर बसली. डोळ्यांतून पाणी वाहू लागले, खोकला आवरेना, तरी ती भाकऱ्या होईपर्यंत उठली नाही. तेवढ्यात वीज गेली. आता कधी येईल, असे तिने विचारले, तर कोणालाच सांगता येईना. सोप्यात धोंडीराम बिडी ओढत बसले होते. पलीकडच्या रानातून गुऱ्हाळाचा धूर घरावरून चालला होता.

तिथे बसल्या बसल्या तिच्या लक्षात आले. त्या देशात फुप्फुसे खराब करणारा धूर बहुतेकांच्या बाबतीत सिगारेटचा होता, म्हणून तिथल्या नियमात सिगारेट लिहिली गेली. नियमाचा रोख धुरावर होता. तिने शब्द मराठीत आणले होते, पण रोख तिकडेच राहिला होता.

यानंतर डॉक्टरांच्या खोलीत एक बैठक झाली. दाखवण्यासाठी मला ढकलत तिथे नेले होते, त्यामुळे ती मी स्वतः ऐकली. योजनेचे अध्यक्ष गणपतराव आले होते. त्यांचा आवाज मोठा आणि बोलणे सरळ. अवंतिकाने पाहिलेले सगळे सांगितले. गणपतरावांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "योजनेचं ताट सगळ्यांचं हाय. एकाला वाढायचं तर दुसऱ्याच्या वाट्यातलंच वाढायचं. ह्ये मशीन आपल्या माणसाला गुणकारी हाय, ह्याचा पुरावा काय?"

डॉक्टरांनी परदेशातल्या अभ्यासांची माहिती दिली.

"ती माणसं बहुतेक बापये, सिगरेट वढणारी. तिथं लाईट जात न्हाय. हितं चुलीम्होरं बसलेल्या बाया, आन् लाईट कवा असती कवा नसती. तिथला पुरावा हितं चालंल?"

मला वाटले, डॉक्टर आता रागावतील. पण ते म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. फायदा होईल असं मला वाटतं. पण माझं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे."

मग अवंतिका म्हणाली, "तर आपणच बघू या. एक वर्ष. थोडी यंत्रं, थोडे रुग्ण. उपयोग झाला नाही, तर तसंही लिहू."

गणपतरावांनी माझ्या डोक्यावर थाप मारली आणि होकार दिला. वर्षापुरते वेगळे नियम ठरले. दाखला सिगारेट सोडल्याचा नको, घरातला धूर गेल्याचा हवा. चूल जाऊन गॅस आला पाहिजे आणि कोणी बिडी ओढत असेल तर त्यानेही ती सोडली पाहिजे. वीज जाईल तेव्हासाठी लागणाऱ्या सिलिंडरचाही खर्च योजना देईल. परदेशातल्या नियमात यातले काहीच नव्हते, कारण तिथे त्याची गरजच पडली नव्हती.

अशा रीतीने २००४ च्या पावसाळ्याआधी एका जीपमधून मी सोनूबाईंच्या घरी गेलो. संघप्रियाने गॅस घेतला होता. धोंडीरामांनी बिडीचे बंडल आणि काडेपेटी आक्कांच्या हवाली केली. म्हणाले, "मागितली तरी दिऊ नगा." पहिले काही दिवस ते फार चिडचिडे झाले होते. अंगणात येरझाऱ्या घालत आणि गवताची काडी चघळत. पण आत येताना नेहमी रिकाम्या हाताने येत.

सोनूबाईंना सुरुवातीला नळीची लाज वाटे. कोणी आले की पदराआड करीत. मग एके सकाळी त्या खाटेवर बसल्या बसल्या स्वतःची वेणी घालू लागल्या. हात वर केले की दम लागायचा, म्हणून कित्येक महिने संघप्रियाच त्यांची वेणी घालत असे. त्या दिवशी ती शाळेला निघाली होती. दारातून तिने मागे वळून पाहिले आणि चप्पल काढून परत आत आली. आईची वेणी पुरी होईपर्यंत ती समोर बसून राहिली. हळूहळू सोनूबाई लांब नळी लावून उंबऱ्यापर्यंत येऊ लागल्या, शेंगा निवडू लागल्या, आणि बसल्या जागेवरून साऱ्या घराला कामे सांगू लागल्या.

सगळे सुरळीत चालले असे मात्र नाही. पुढच्या उन्हाळ्यात भारनियमन वाढले. एका दुपारी वीज गेली ती आलीच नाही. जवळचा सिलिंडर संपत आला आणि दुसरा भरून यायचा होता, त्याची गाडी वाटेत बंद पडली. सोनूबाईंचे ओठ पुन्हा निळे दिसू लागले. मी त्यांच्या उशाशी मुका उभा होतो. माझ्या पोटातली खडी, माझी चाके, परदेशातला माझा नावलौकिक, कशाचाही उपयोग नव्हता. मित्रांनो, यंत्राला भीती वाटत नाही म्हणतात. मला त्या दुपारी वाटली.

धोंडीराम घराबाहेर धावले. गावात जनरेटर एकाच ठिकाणी होता, दूध संस्थेत, दूध गार ठेवायला. धोंडीराम तिथे कधी आत गेले नव्हते. त्यांच्याकडे म्हैस नव्हती. संस्थेचे सचिव बाळासो यांना त्यांनी धापा टाकत सगळे सांगितले. बाळासो लगेच उठले. दोन हातगाड्या निघाल्या. एका गाडीवर मी आणि दुसरीवर गोधडीत टेकून बसलेल्या सोनूबाई, त्यांच्या मांडीवर सिलिंडर. उन्हातून दोन्ही गाड्या दूध संस्थेत आल्या. बाळासोंनी स्वतःची खुर्ची पुढे केली. "वयनी, हितं बसा. लाईट येईस्तवर उठायचं न्हाय."

माझी वायर लागली आणि बाटलीत बुडबुडे उठले. दुधाच्या कॅनांच्या रांगेत सोनूबाई डोळे मिटून बसल्या. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या बायका त्यांच्याजवळ थांबून विचारपूस करू लागल्या. धोंडीराम दाराशी उकिडवे बसले होते. बायकोच्या ओठांचा रंग परत आलेला पाहिला, तेव्हा त्यांनी टॉवेलात तोंड लपवले.

ही हकीगत अवंतिकाने योजनेच्या सभेत सांगितली. तेव्हापासून यंत्र देण्याआधी गावात जनरेटर कोठे आहे ते पाहायचे आणि तिथल्या माणसांशी बोलून ठेवायचे, असे ठरले.

वर्ष संपल्यावर सगळ्या रुग्णांचा आढावा घेतला. ज्यांच्या रक्तात प्राणवायू फार कमी होता, ते बहुतेक आधीपेक्षा कमी वेळा दवाखान्यात आले होते. सोनूबाई तर एकदाच आल्या. पण वारणानगरकडच्या चिमणाबाईंना काहीच उपयोग झाला नव्हता. त्यांना दम लागे, पण रक्तातला प्राणवायू तेवढा कमी नव्हता. नळीने खाटेला बांधून ठेवल्यासारखे त्यांना झाले होते. डॉक्टरांनी तेही लपवले नाही. एवढ्या थोड्या रुग्णांवरून माणसे जास्त जगतात की नाही, हे सांगता येणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट म्हटले. गणपतराव म्हणाले, "ह्ये खरं बोलला म्हणून बाकीचंबी खरं वाटतंय." नियम कायम झाला, आणि कोणाला यंत्र द्यायचे याबरोबर कोणाला द्यायचे नाही, हेही त्यात आले.

पुढे नेपाळातल्या डोंगराळ भागातून एक डॉक्टर कोल्हापूरला आले. त्यांना हा नियम जसाच्या तसा हवा होता. अवंतिकाने तो आनंदाने दिला, पण निघताना त्यांना सांगितले, "आधी तुमच्याकडच्या स्वयंपाकघरांत जाऊन बसा. मग यातलं काय घ्यायचं ते ठरवा."

सोनूबाई माझ्या सोबतीने आणखी काही वर्षे जगल्या. संघप्रियाचे लग्न त्यांनी नाकाला नळी लावून, पुढच्या रांगेत बसून पाहिले. त्या लग्नात मलाही फुलांची एक माळ मिळाली. २००९ च्या सुरुवातीला, एका सकाळी, आपल्याच घरात त्या गेल्या. धोंडीरामांचा हात त्यांच्या हातात होता. धोंडीरामांनीच मग मला बंद केले.

दुःखाचे दिवस सरल्यावर दूध संस्थेच्या टेम्पोतून धोंडीरामांनी मला शाहूपुरीला परत आणले. सोनूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने त्यांनी मला लखलखीत पुसले होते. डॉक्टर म्हणाले की यंत्र इथे ठेवा, कोणाला लागले की देऊ. धोंडीराम बाकावर बसले ते उठेनात.

"कुणाला द्यायचं ते आत्ताच ठरवा," ते म्हणाले. "मी थांबतो."

वॉर्डात तानाबाई नावाच्या एक रुग्ण होत्या. घरी यंत्र येणार म्हणून त्या घाबरल्या होत्या. डॉक्टर धोंडीरामांना त्यांच्याकडे घेऊन गेले. नळी कशी लावायची, नाक कोरडे पडले तर काय करायचे, हे सगळे धोंडीरामांनी त्यांना सावकाश सांगितले. इतका आवाज करणारी मशीन उशाशी असल्यावर झोप कशी लागणार, असे तानाबाईंनी विचारले.

"पयल्यांदा लागत न्हाय," धोंडीराम म्हणाले. "मग लागती. आता त्यो आवाज न्हाय, तर मला लागत न्हाय."

एवढे बोलून ते निघाले, आणि दुसऱ्या दिवशी मी तानाबाईंच्या घरी गेलो.

मित्रांनो, आता माझ्या पोटातली खडी दमली आहे, माझ्याच्याने फारसे काम होत नाही. पण तुमच्या घरी एखाद्या आजारपणात आणलेली चाकाची खुर्ची, कुबडी, वाफेचे यंत्र असे काही असेल आणि ते वापरणारे माणूस आता नसेल, तर ते आठवण म्हणून कपड्यात गुंडाळून ठेवू नका. पुसा आणि ज्याला हवे आहे त्याच्या दारी स्वतः नेऊन द्या. देऊन लगेच परतू नका. त्याच्याजवळ थोडा वेळ बसा आणि तुमच्या माणसाला ते कसे सोसले, ते त्याला सांगा.